बांधलेल्याचा नकार

एका प्रश्नाचे उत्तर देण्याचे माझ्याकडून राहून गेले आहे. तो विचारणारी व्यक्ती आता मला कोठे भेटेल असा संभव नाही, आणि भेटली तरी ओळख दाखवील की नाही याची शंकाच आहे. उत्तर मला ठाऊक नव्हते असे नाही. ते माझ्या विद्येच्या अगदी पहिल्या पाठांतले होते. अज्ञानामुळे गप्प राहिलेल्या माणसाला क्षमा मागता येते. ठाऊक असून जो गप्प राहिला त्याने ती कोणत्या तोंडाने मागावी, हे मला अजून उमगलेले नाही.

मी पेशाने हाडांचा डॉक्टर, आता निवृत्त. 2011 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळी, कंपाउंडर दिवे मालवण्याच्या बेतात असताना, एक बाई आल्या. वय पस्तिशीच्या आगेमागे, शिकलेल्या, बोलण्यात संकोच असला तरी गोंधळ नाही अशा. त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. एखादी दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. मनगट लोंबत होते. बोटे मिटत होती, पण सरळ उचलली जात नव्हती. दंडाच्या हाडाला मागून वेढा घालून एक मज्जातंतू खाली उतरतो. तो दाबला गेला म्हणजे मनगट असे लुळे पडते. दारूच्या धुंदीत खुर्चीच्या पाठीवर हात टाकून रात्रभर झोपलेल्या माणसाला हे होते, म्हणून इंग्रजी पुस्तकांत त्याला शनिवारच्या रात्रीचा लकवा असे गमतीचे नाव आहे. बाई म्हणाल्या, "हातावर डोकं ठेवून झोपले होते." मी बाही वर करायला सांगितली. दंडाभोवती दोन-तीन फिकट वळ होते, एकमेकांना समांतर, आणि त्यांत दोराच्या पिळाची नक्षी स्पष्ट उमटलेली. दुसऱ्या दंडावरही तसेच.

मी दार लावून घेतले आणि विचारले, "घरी कोणी मारहाण करतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, खाली न पाहता, "मीच त्यांना बांधायला सांगितलं होतं."

हकिकत अशी होती. नवरा-बायको दोघांनाही या गोष्टीची आवड. जपानी पद्धतीची दोरबांधणी त्यांनी चित्रे पाहून शिकली होती. हात पाठीमागे दुमडून, दंड आणि छाती यांवरून दोराचे वेढे घेऊन, मग तो दोर वर तुळईला बांधून शरीर जमिनीवरून थोडे उचलायचे, असा तो प्रकार. जुना वाडा, सागवानी तुळई, काही मिनिटांचा खेळ. आणि सोडवल्यावर पाहतात तो हात उठेना. नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याचा चेहरा मी नंतर पाहिला. अपघातात दुसऱ्याला गाडीखाली घेतलेल्या माणसाचा असतो तसा होता.

बाईंनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, हात बरा होईल का. त्याचे मी नीट उत्तर दिले. 1943 साली सेडन या इंग्रज शल्यविशारदाने मज्जातंतूच्या इजेचे तीन दर्जे सांगितले. सर्वांत सौम्य दर्जात तंतू तुटत नाही, त्याचे काम तेवढे थांबते. आणि ते काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, पुन्हा सुरू होते. आतला धागा तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढत यायला हवा. तोपर्यंत वाट पाहणे. मनगटाला आधाराची पट्टी दिली, व्यायाम सांगितले. दुसरा प्रश्न त्यांनी उठता उठता विचारला, "पुन्हा असं होऊ नये म्हणून दोर कुठे असायला नको?"

मी म्हणालो, "दोर कुठेच असायला नको."

उत्तर मला त्या क्षणी फार समर्पक वाटले. ते मी घरी जेवताना बायकोलाही ऐकवले असावे. नाव न घेता अर्थात. बाईंनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली, फी दिली, आणि त्या गेल्या. सहा आठवड्यांनी दाखवायला या म्हटले होते. त्या आल्या नाहीत.

मारहाणीचा प्रश्न मी विचारला याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तो विचारायलाच हवा होता, आणि एकटीला विचारायला हवा होता. घरातले कित्येक अत्याचार "तिचीच इच्छा होती" या पडद्याआड झाकले जातात. इंग्लंडमध्ये तर बायकांना गंभीर इजा करून न्यायालयात हीच सबब पुढे करण्याचे प्रकार इतके झाले की 2021 सालच्या घरगुती अत्याचारविषयक कायद्यात मुद्दाम कलम घालून ती सबब बंद करावी लागली. माझी चूक त्यानंतरची. खरे उत्तर मिळाले, मी ते तपासले, ते खरे आहे अशी माझी खात्रीही झाली; आणि मग मी डॉक्टरचा न्यायाधीश झालो.

पुढे निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसे मी या विषयावर वाचू लागलो. आधी कुतूहल होते, मग ती टोचणी. जपानीत या बांधण्याला शिबारी म्हणतात. ते नुसते बांधणे. किन्बाकू म्हणजे घट्ट बांधणे, आणि या कलेचे हे अधिक नेमके नाव. त्सुरी म्हणजे टांगणे. या बाईंनी जो प्रकार केला त्यातल्या हातांच्या बांधणीला ताकाते-कोते म्हणतात, आणि ती टांगण्यासाठी वापरणे हे या विद्येतले अवघड काम समजले जाते. दोर तागाचा किंवा अंबाडीसारख्या वाखाचा, साधारण सहा मिलिमीटर जाडीचा, सात-आठ मीटर लांबीचा, आणि तो दुहेरी करून वापरायचा. या साऱ्याच्या मागे एडो काळातली, म्हणजे 1603 ते 1868 या काळातली, होजोजुत्सु नावाची विद्या आहे: कैद्याला दोराने पकडण्याची आणि बांधून नेण्याची. शिपायाच्या हातचा दोर शयनगृहात कसा आला, हा प्रवास मजेदार आहे. त्यातला एक टप्पा मात्र मला मजेदार वाटत नाही.

इतो सेइउ (1882–1961) हा चित्रकार या कलेचा जनक मानला जातो. तो बायकांना बांधून त्यांची चित्रे काढी, छायाचित्रे घेई. त्याच्या आधीच्या पिढीतला मोठा चित्रकार योशितोशी याचे 1885 सालचे एक भयंकर चित्र आहे. त्यात एका गर्भवती स्त्रीला उलटे टांगलेले आहे आणि खाली एक म्हातारी सुरी परजीत बसली आहे. हे दृश्य प्रत्यक्षात कसे दिसेल ते पाहण्यासाठी इतोने 1920च्या सुमारास आपल्या गर्भवती पत्नीलाच तसे टांगले आणि छायाचित्र काढवले. ते छायाचित्र आज प्रसिद्ध आहे. मी ते एकदा पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही. डॉक्टर म्हणून माझ्या अंगावर काटा आला तो वेगळा. पण त्याहून अधिक मला अस्वस्थ केले ते एका साध्या गोष्टीने. छायाचित्रात दोर दिसतो. होकार दिसत नाही. एखाद्या कोठडीतल्या छळाचे चित्र आणि दोन प्रेमिकांच्या खेळाचे चित्र शेजारी शेजारी ठेवले, तर नुसत्या डोळ्यांना फरक सांगता येणार नाही. मग फरक आहे तो कशात?

होकारात, असे आपण चटकन म्हणतो. इथेच गोम आहे. संमती या शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की ज्याने ती दिली त्याला ती परत घेता येईल. मी तुम्हाला माझ्या घरात येऊ देतो, कारण तुम्हाला बाहेर काढण्याचा माझा अधिकार शाबूत आहे. बांधून घेणारा माणूस मात्र नेमकी ही परत घेण्याची साधनेच, हात, पाय, क्वचित तोंडही, दुसऱ्याच्या हवाली करतो. तेव्हा त्याच्या संमतीतून पुढची संमती मारली जाते की काय? आगरकरांच्या पिढीने ज्याला गुरुस्थानी मानले त्या मिलने 1859 साली आपल्या स्वातंत्र्यावरच्या ग्रंथात हाच प्रश्न गुलामीच्या संदर्भात उपस्थित केला होता. माणसाने स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचा करार केला तर समाजाने तो मानू नये, असे त्याचे मत. कारण त्या एका कृतीने तो पुढच्या साऱ्या स्वातंत्र्यावर पाणी सोडतो, आणि ज्या तत्त्वाच्या आधारे आपण त्याला मोकळीक देत होतो त्या तत्त्वाचाच तो पाया काढून घेतो.

मिलचा हा युक्तिवाद दोराला लागू पडतो असे मला बराच काळ वाटत होते. माझ्या त्या चटपटीत उत्तराला त्यामुळे तात्त्विक आधारही मिळत होता. आता तसे वाटत नाही. गुलाम आपला नकार विकून टाकतो. बांधून घेणारा तो विकत नाही, ठेव म्हणून ठेवतो. घरातली बाई गावी जाताना शेजारणीकडे पाटल्या ठेवते, त्यात पाटल्यांची मालकी बदलत नाही. उलट शेजारणीवर एक नवी जबाबदारी पडते: मागितल्या क्षणी परत करण्याची. शेजारीण म्हणाली, "आता नको, दिवाळी झाल्यावर नेऊ," तर ती चोर ठरते. मग पाटल्या स्वखुशीने ठेवल्या होत्या या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

ग्रीकांच्या ओडिसियसची गोष्ट इथे आठवते. समुद्रातल्या मोहिनींचे गाणे ऐकायचे, पण त्यापायी जीव गमवायचा नाही, म्हणून तो खलाशांकडून स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो आणि बजावतो की मी सोडा म्हणून विनवू लागलो तर दोर आणखी आवळा. स्वेच्छेच्या बंधनाचे हे उदाहरण सगळे देतात, आणि मला वाटते ते या विषयाच्या बाबतीत अगदी उलटे आहे. ओडिसियसचा कालचा होकार त्याच्या आजच्या नकारापेक्षा मोठा ठरतो. दोराच्या खेळात आजचा नकार, या क्षणाचा, कालच्या हजार होकारांपेक्षा मोठा असला पाहिजे. ज्या घरात ओडिसियसचा नियम चालतो तिथे छळ चालतो, मग सुरुवातीला कितीही गोड बोलणी झालेली असोत.

जाणकार लोक हे तत्त्व फार व्यवहारी रीतीने पाळतात. खेळात "नको, नको" म्हणण्यातही रस असू शकतो, म्हणून खऱ्या नकारासाठी निराळा शब्द आधी ठरवतात. कोणी रस्त्यावरच्या सिग्नलचे रंग घेतात, पिवळा म्हणजे हळू, लाल म्हणजे थांब. तोंड मोकळे नसेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा देतात. तो खाली पडला की खेळ संपला. त्यांचा आणखी एक नियम आहे, आणि तो मला सर्वांत मार्मिक वाटला. एकदा बांधल्यावर नवीन कशाची परवानगी विचारायची नाही. ठरले असेल त्याहून कमी करता येते, अधिक नाही. बांधलेल्या माणसाला कित्येकदा एक प्रकारची गुंगी चढते, भान पातळ होते. अशा वेळचा होकार हा होकार नव्हे. याचाच दुसरा अर्थ असा की न उच्चारलेला नकारही बांधणाऱ्याला ऐकू आला पाहिजे. मोकळ्या माणसाच्या नकारामागे त्याचे पाय असतात, तो उठून चालू लागतो. बांधलेल्याच्या नकारामागे त्याचा आवाज तेवढा असतो, आणि त्या आवाजाला जोर येतो तो ऐकणाऱ्याच्या हातांतून.

हे लिहिताना मला आमच्याकडच्या होकारांची आठवण होते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर मुलीला एकदा विचारायचे, "पसंत आहे ना?" ती मान खाली घालते, तो होकार. अंतरपाट दूर झाला की तो होकार जन्मभर पुरतो असे मानायची आपली रीत. आपल्या दंडविधानातही पत्नीच्या नकाराला बलात्काराच्या कलमात जागा नव्हती, आणि 2023 साली नवी न्यायसंहिता झाली तेव्हाही, पत्नी अठरा वर्षांची असली तर, तो अपवाद कायम ठेवण्यात आला. दर पाच मिनिटांनी "ठीक आहे ना?" म्हणून विचारणारे ते जोडपे आणि चाळीस वर्षांत काय काय गृहीत धरत आलेला मी, यांत संमतीविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला अधिक, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर सोयीचे आले नाही.

कायद्याची या बाबतीतली गडबड पाहण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये काही प्रौढ पुरुषांनी आपखुशीने एकमेकांना वेदना दिल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. 1993 साली लॉर्ड्सच्या सभागृहाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी त्या कायम केल्या. इजा झाली असेल तर संमती हा बचाव नाही, असा निर्णय. 1997 साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. मधल्या काळात, 1996 मध्ये, एका नवऱ्याने बायकोच्या इच्छेवरून तापल्या सुरीने तिच्या अंगावर आपल्या नावाची आद्याक्षरे डागली. तिथल्याच अपील न्यायालयाने तो गुन्हा नाही म्हटले. नवराबायकोचा खाजगी मामला! आमच्या 1860च्या दंडसंहितेतले सत्त्याऐंशीवे कलम, जे आता न्यायसंहितेत पंचविसावे झाले आहे, अधिक समंजस वाटते. ज्याने मृत्यू किंवा जबर इजा घडवण्याचा हेतू नाही आणि तसे घडण्याचा संभवही कर्त्याला ठाऊक नाही, अशी कृती अठरा वर्षांवरील माणसाच्या संमतीने केली तर तिच्यातून झालेली हानी हा गुन्हा होत नाही. त्याखाली उदाहरण दिले आहे ते करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे. वैद्यकानेही आपली वही दुरुस्त केली. 2013 साली अमेरिकेच्या मानसरोगतज्ज्ञांनी अशी आवड आणि तिच्यातून उद्भवणारा विकार यांत फरक केला; 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत परस्परसंमतीची ही आवड रोग म्हणून उरलेली नाही. 2011 साली माझ्या दवाखान्यात हे पोहोचले नव्हते, एवढी सवलत मी स्वतःला देऊन पाहिली. ती पुरत नाही.

पुरत नाही, कारण बांधणे ही गोष्ट मला परकी नव्हती. उलट त्या बाईंच्या नवऱ्यापेक्षा मी कितीतरी अधिक माणसे बांधली आहेत. शुद्ध हरपलेला रुग्ण नळ्या उपटतो म्हणून त्याचे हात पलंगाच्या दांडीला बांधायला मी सांगितले आहे. त्यांतल्या एकालाही मी विचारले नव्हते, आणि "सोडा, सोडा" म्हणणाऱ्यांना सोडले नव्हते. मी त्यांचा ओडिसियस केला होता, तोही त्यांनी स्वतः न सांगता. त्यातले बरेचसे आवश्यक होते. सगळे नव्हते, काही वेळा रात्रपाळीला माणसे कमी होती एवढेच कारण होते. मनोरुग्णांच्या बाबतीत 2017च्या कायद्याने अशा बांधण्यावर मर्यादा घातल्या आणि नोंद ठेवायला लावली, ते ठीकच झाले.

आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर? तिथे तर मी या विद्येत निष्णात होतो. भूल दिलेल्या माणसाचा हात बाजूला काटकोनापलीकडे ताणायचा नाही, कोपराखाली मऊ गादी हवी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पट्टा नको. रक्त थांबवण्यासाठी दंडाला पट्टा आवळला की त्याची वेळ फळ्यावर लिहायची आणि मिनिटे मोजायची. हे मी शेकडो मुलांना शिकवले. जे ज्ञान मी टेबलावरच्या अनोळखी देहासाठी इतक्या तत्परतेने वापरले, ते एका शुद्धीवरच्या बाईने स्वतःसाठी मागितल्यावर मी हातचे राखून ठेवले. तिची आवड मला रुचली नाही, एवढेच त्याचे कारण.

र. धों. कर्व्यांचे "समाजस्वास्थ्य" 1927 पासून 1953 पर्यंत, म्हणजे त्यांच्या निधनापर्यंत, निघत होते. वाचक कामजीवनाविषयी प्रश्न पाठवीत आणि हा गणिताचा प्राध्यापक त्यांना उत्तरे देई. त्या उत्तरांबद्दलच 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. आंबेडकरांच्या बाजूचा मुद्दा सरळ होता: लोक अडचणीत आहेत, ते विचारतात, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने सांगायचे नाही तर कोणी सांगायचे? मी ही हकिकत अभिमानाने सांगणाऱ्यांपैकी होतो. भाषणातही सांगितली आहे. पण माझ्यासमोर प्रत्यक्ष प्रश्न आला तेव्हा मी कर्व्यांच्या बाजूला नव्हतो, दंड ठोठावणाऱ्याच्या बाजूला होतो.

कोणी म्हणेल, सुरक्षित रीत सांगणे म्हणजे उत्तेजन देणे. या आक्षेपात तथ्य अगदीच नाही असे नाही. पण त्या बाई माझ्या उत्तराने थांबल्या असतील असे मला क्षणभरही वाटत नाही. मनगट लोंबत असताना ज्या बाईने हा प्रश्न विचारला, ती पुन्हा करणार हे त्या प्रश्नातच होते. माझ्या नकाराने तिचा दोर सुटला नाही. तो कुठे बांधू नये एवढे तेवढे तिला कळायचे राहिले.

तेव्हा बाई, तेरा-चौदा वर्षे उशिरा का होईना, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे.

मज्जातंतूला होकार समजत नाही. तुम्ही दोघांनी सगळे विचारून, ठरवून, प्रेमाने केलेत तरी तो दबायचा तर दबतोच. आणि तो दबताना दुखतेच असे नाही, हे सर्वांत वाईट. तो तुमच्या दंडाच्या मागून बाहेरच्या बाजूला येतो, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, आणि तिथे हाडाला अगदी चिकटून असतो. दोराचा खालचा वेढा पडतो तो बहुधा त्याच्याच वर. नेमकी जागा माणसागणिक थोडी निराळी, म्हणून दुसऱ्याच्या चित्रातले माप तुमच्या दंडाला लागू होईलच असे नाही. उभे असताना दोर जिथे बसला तिथे तो टांगल्यावर राहत नाही. तो सरकतो, आणि सगळ्या वेढ्यांवर वाटला जाणारा भार एकाच वेढ्यावर येतो. साठ किलो वजन आणि बोटाएवढा दोर, याचा हिशेब तुम्ही करू शकाल. इजेला तास लागत नाहीत, काही मिनिटे पुरतात.

हात निळा पडला, गार पडला, याची लोक धास्ती घेतात. तो दोर सैल केला की सुधारतो. तुम्ही लक्ष ठेवायचे ते दुसरीकडे. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या भागाला, हाताच्या पाठीकडून, स्पर्श कळतो का? मुंग्या आल्या का? आणि मनगट वर उचलता येते का, बोटे सरळ करता येतात का? हे बांधण्यापूर्वी एकदा पाहायचे आणि मग दर दोन-चार मिनिटांनी. तुम्ही स्वतः करून पाहायचे आणि यजमानांनी आपला हात तुमच्या हाताच्या पाठीवर ठेवून जोर अजमावायचा. जोर किंचित कमी वाटला तरी त्याच क्षणी सोडायचे, "अजून थोडा वेळ" नाही. एकदा दुखावलेला तंतू दुसऱ्यांदा लवकर दुखावतो, म्हणून हात पूर्ण बरा होऊन काही महिने जाईपर्यंत त्या दंडावर दोर नकोच. पायाला बांधाल तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या मागे असाच एक तंतू आहे. तिथे दाब आला तर पाऊल लुळे पडते. कोपराची आतली बाजू आणि काख टाळा. मानेभोवती दोर कधीही नको, सैलसुद्धा नको, आणि छातीवरचा इतका आवळ नको की श्वास अर्धाच घ्यावा लागेल. मधुमेह असेल तर तंतू आधीच नाजूक असतात. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर डोके खाली करणे वर्ज्य. दोघांपैकी कोणीही घेतलेली असेल त्या रात्री दोर कपाटातच राहू द्या. आणि बांधलेल्या माणसाला एकटे सोडून दुसऱ्या खोलीत जायचे नाही, फोन वाजला तरी, दारावरची बेल वाजली तरी.

टांगण्याची विद्या चित्रांवरून शिकू नका. तालमीत दोरीवरचा मल्लखांब मी लहानपणी केला आहे. तिथे दोराला गाठ मारायची नसते, पकड आपली आपण घ्यायची आणि आपली आपण सोडायची असते. तरीही खाली गादी आणि बाजूला वस्ताद असल्यावाचून आम्हाला वर चढू देत नसत. तुमच्या खेळात पकड दुसऱ्याची आहे. ज्याला येते अशा माणसाकडून हाताखाली शिकता आले तर शिका, तोवर जमिनीवर बसूनच बांधा. पाय जमिनीला टेकलेले असले म्हणजे निम्मा धोका टळतो.

रुग्णवाहिकेत असते तशी बोथट टोकाची कात्री शस्त्रक्रियेच्या सामानाच्या दुकानात मिळते. ती हाताशी ठेवा, पेटीत नको. दोर चांगला आहे, महागाचा आहे म्हणून गाठी सोडवीत बसू नका, सरळ कापा. फक्त टांगलेले असताना आधी शरीराला आधार द्या, मग कापा.

पंख्याच्या हुकाला कधीही टांगू नका. तो पंख्यासाठी असतो. तुमच्या वाड्याची तुळई सागवानी आहे म्हणालात, पण जुनी आहे. आत वाळवीने पोखरलेली नाही ना, ते एकदा सुताराला दाखवून घ्या. कशासाठी म्हणून त्याने विचारले तर झोपाळा टांगायचा आहे म्हणावे.